मिळालेल्या परवानगीचं काय करायचं

नवी आरोग्यसेवा सुरू करायला आता परवानगी लागणार नाही, साधं घोषणापत्र पुरेल, असा आदेश मंगळवारी निघाला. कळव्यात डायलिसिस केंद्र काढू पाहणाऱ्या डॉ. प्राचीच्या हातात, दोन वर्षं खेटे घातल्यावर, परवानगी सोमवारी पडली होती.

"परवानगी आहे, आणि ती लागतही नाही. डबल सेफ!" नवरा सुशांत म्हणाला. त्याला सरकारी आदेश वाचून आनंद व्हायचा.

बुधवारी ती ठाण्याच्या कार्यालयात गेली. कारकून उत्तमरावांनी परवानगी उलटसुलट करून पाहिली.

"मॅडम, सवलत परवानगी नसलेल्यांना आहे. तुमच्याकडे आहे ना? मग तुम्हाला जुनाच नियम. आधी समितीची तपासणी, मग उद्घाटन."

"मग पाठवा की समिती!"

"ती बरखास्त झाली. परवानगीच लागत नाही, तर समिती कशाला?"

"अहो, सहा मशीन्स धूळ खातायत! आमच्या हौसाबाई सत्तरीच्या, आठवड्यातून तीनदा कल्याणला जातात डायलिसिसला. रोज फोन करतात, 'डाक्तरीनबाय, सोमवारी नक्की ना गो?' काय सांगू त्यांना?"

उत्तमराव खरोखर हळहळले. "परवानगी परत करून टाका."

"ही घ्या."

"अशी नाही घेता येत. केंद्र वर्षभर चाललेलं असेल, तरच परत घेतो."

प्राचीने मनात दहापर्यंत आकडे मोजले. मग आवाज खाली आणला. "उत्तमराव, समजा, माझी फाइल हरवली तर?"

"हळू बोला हो!" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "त्याला पद्धत आहे. वर 'अतितातडीचे' असा शेरा मारतो नि साहेबांकडे पाठवतो. एकवीस वर्षांत एकही परत आलेली नाही. फाइल नाही म्हणजे परवानगी नाही. सोमवारी बिनधास्त घोषणापत्र भरा."

कार्यालयातून बाहेर पडता पडताच प्राचीने हौसाबाईंना फोन लावला. "नक्की! अगदी नक्की!"

शुक्रवारी उत्तमरावांचा फोन आला. आवाज पार पडलेला.

"मॅडम, घोटाळा झालाय. कालच नवे साहेब आलेत. तरुण आहेत हो."

"मग?"

"शेरा खरा धरला त्यांनी. तासाभरात सही केली. तुमची परवानगी आणखी पाच वर्षांसाठी वाढवलीय." ते घुटमळले. "आणि तुम्हाला अभिनंदन सांगितलंय."