सलगमाची पंधरा मिनिटे

राष्ट्राध्यक्ष आर्विड टॉलेफसन यांच्या कारकिर्दीच्या पहिल्याच सकाळी बर्निस क्वामने त्यांच्या दिनक्रमाचे कार्ड हातात घेतले, वरपासून खालपर्यंत वाचले आणि मग उलटून पाहिले. तिला वाटले, मोकळा वेळ मागच्या बाजूला छापला असेल.

"आणि श्वास कधी घ्यायचा त्यांनी?" तिने विचारले.

"मोटारीत," प्रेस्कॉट हेल म्हणाला. "दुपारी दोनदा मोटारीत बसायचंय."

राष्ट्राध्यक्षांच्या वेळापत्रकाचा सगळा कारभार या प्रेस्कॉटकडे होता. तिशीच्या आतला, नाकासमोर चालणारा, भांग फूटपट्टी लावून पाडल्यासारखा. माणूस वाईट नव्हता. फक्त कार्डावर जे आहे ते जगात आहे आणि कार्डावर जे नाही ते जगात नाही, अशी त्याची श्रद्धा होती, आणि श्रद्धेपुढे कुणाचे काय चालणार.

बर्निसने आर्विडचा दिवस सांभाळायला सुरुवात केली, तेव्हा तो नॉर्थ डकोटातल्या स्टेनरूड गावात वकिली करत होता. मग तो महापौर झाला, मग गव्हर्नर झाला, पण बर्निसची पद्धत बदलली नाही. बियाणेवाल्या दुकानदाराने फुकट दिलेले कॅलेंडर भिंतीवर, आणि त्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल. एका तारखेच्या चौकोनात दोन ओळी मावायच्या. तेवढेच त्या दिवसाचे काम. तिसरी ओळ लिहायची वेळ आली की बर्निस समोरच्याला म्हणायची, "जागा नाही, उद्या या." एवढ्यावर अख्खे राज्य चालले आणि बुडाले नाही. आता ते कॅलेंडर खोक्यात गेले होते.

पण कॅलेंडरात न लिहिलेली एक गोष्ट रोज असायची. सकाळी नऊची कॉफी.

स्टेनरूडमध्ये लोरेनच्या कॅफेत भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एकेका गिऱ्हाइकाचा स्वतःचा कप. सकाळी नऊला मंडळी जमायची, आपापला कप काढायची, चामडी पेल्यातून फासे टाकायची, आणि हरेल त्याने सगळ्यांना कॉफी पाजायची. लोरेनचा नियम एकच. जो सलग आठवडाभर आला नाही, त्याचा कप खिळ्यावरून उतरणार. आजारपणाची सबब नाही, लग्नाची नाही. मेलेल्यालाही आठवडा पुरा मिळायचा. आर्विड गव्हर्नर झाला तेव्हा मात्र लोरेनने मोठ्या मनाने सवलत दिली होती: नऊच्या ठोक्याला फोन आला तर हजेरी धरू. त्याच्या वतीने फासे ऑर्विल टाकायचा. ऑर्विल म्हणजे गावातले धान्याचे कोठार सांभाळणारा आर्विडचा लंगोटीयार. आणि गंमत म्हणजे ऑर्विलने टाकलेल्या फाशांवर आर्विड जवळजवळ रोज हरायचा.

निघायच्या दिवशी गाडीत बसताना आर्विडने एवढेच सांगितले होते, "बर्निस, बाकी काय वाटेल ते होऊ दे. माझा कप उतरता कामा नये."

म्हणून बर्निसने कार्डावर स्टेनरूडचे नऊ म्हणजे इकडे वॉशिंग्टनचे दहा शोधले. तिथे बेदाणेवाल्यांचे शिष्टमंडळ होते. ते तिने खोडले आणि पेन्सिलीने लिहिले: 'कॉफी, ऑर्विल.'

कार्डावर शब्द पडला आणि यंत्र सुरू झाले. आधी सुरक्षा खात्याचा माणूस आला.

"हे ऑर्विल कोण?"

"धान्याचं कोठार बघतो."

"म्हणजे शेतकी खात्यातले अधिकारी?"

"नाही हो. संध्याकाळी कोठाराला कुलूप लावतो आणि सकाळी काढतो."

त्याने ते लिहून घेतले आणि कुलपाची चौकशी करायला गेला. मग राजशिष्टाचारवाले आले. पाहुण्यांना घ्यायला विमानतळावर कोणी जायचे, हा त्यांचा प्रश्न. मग छायाचित्रकार. मग स्वयंपाकघरातून विचारणा आली, पाहुणे साखर घेतात का. फोनवर बोलायचे आहे, कोणी येणार नाही, हे बर्निसने प्रत्येकाला सांगितले, आणि प्रत्येकाला ते जास्तच संशयास्पद वाटले. शेवटी प्रेस्कॉटने निरोप आणला. ऑर्विलची चौकशी पूर्ण होईपर्यंत कॉफी तहकूब.

संध्याकाळी आर्विड खुर्चीत टेकला. "आज पाच राजदूत भेटले," तो म्हणाला. "मी म्हणालो थंडी नाही, तर पाचही जण म्हणाले, मुळीच नाही. ऑर्विल असता तर म्हणाला असता, मूर्खा, टोपी घाल."

बर्निसला भरून आले. पण रडून काही होणार नव्हते. तिने विचार केला, या यंत्राला भूक लागते ती नावाची. कार्डावर असे काहीतरी पाहिजे की वाचूनच माणसाला जांभई यावी. त्या दिवशी दुपारच्या जेवणात सलगमाचे, म्हणजे मुळ्याच्या जातीतल्या त्या बेचव कंदाचे, सूप होते आणि ते सगळ्यांनी तसेच ठेवले होते. ते आठवून तिने दुसऱ्या दिवशीच्या कार्डावर दहाच्या रकान्यात लिहिले: 'सलगमाचा आढावा. बंद दाराआड.'

कोणी आले नाही. सुरक्षावाले नाही, छायाचित्रकार नाही. दार लोटून आर्विडने फोन लावला आणि पहिल्याच घंटेला पलीकडून आवाज आला, "काय रे, मेलास का काय काल?"

"मीटिंग होत्या, ऑर्विल."

"बायकोला सांग असलं. फासे टाकलेत. हरलास."

आर्विड इतका मनापासून हसला, की बाहेर बसलेल्या बर्निसने डोळे पुसले आणि स्वतःलाच शाबासकी दिली. पुढचे काही आठवडे सलगमाने इमानाने साथ दिली.

पण कार्डाची एक प्रत रोज वार्ताहरांनाही मिळायची, हे बर्निसच्या ध्यानातच आले नव्हते. गव्हर्नरचे कॅलेंडर वाचायला कधी कोणी आले नव्हते. एका वार्ताहराला रिकामपणी दिसले, की नवे राष्ट्राध्यक्ष युद्धखात्याला आठवड्यातून एकदा भेटतात आणि सलगमाला रोज. त्याने तसे छापले. दुसऱ्या दिवशी शेतकी खात्याचे मंत्री तणतणत आले.

"मिस क्वाम, सलगम हा माझ्या खात्याचा विषय आहे. मला न विचारता रोज बैठक? माझं काही चुकलं का?"

"तसं नाही हो. साहेबांना नुसतीच आवड आहे," बर्निस म्हणाली, आणि ही तिची दुसरी चूक झाली.

राष्ट्राध्यक्षांना आवड आहे म्हटल्यावर देशाला आवड लागली. सलगम पिकवणाऱ्यांनी पोत्यांमागून पोती पाठवली. बटाटेवाल्या राज्यांचे सिनेटर रुसले. एका परदेशी वकिलातीने आपल्या सरकारला कळवले, की 'सलगम' हे नव्या क्षेपणास्त्राचे टोपणनाव असावे, कारण खऱ्या सलगमाबद्दल रोज पंधरा मिनिटे बोलण्यासारखे काहीही नाही. या शेवटच्या वाक्याशी बर्निस मनातून पूर्ण सहमत होती. आणि हे सगळे निस्तरायला प्रेस्कॉटने एक राष्ट्रीय सलगम समिती नेमली, सह्या घेतल्या, आणि तिची बैठक कुठे बसवायची म्हणून कार्ड पाहिले. दहाचा रकाना सलगमाचाच होता.

झाले. ज्या सलगमाच्या आडोशाने कॉफी चालायची, त्याच सलगमाने कॉफी खाल्ली.

रोज दहाला लांबलचक टेबलाभोवती डझनभर विद्वान बसू लागले आणि त्यांच्या मधोमध आर्विड, शाळेत कोंडलेल्या पोरासारखा. दुपारी त्याने फोन करून पाहिला. लोरेनने साफ सांगितले, "कॉफीला नसलेला माणूस दुपारी हजेरी लावतो होय? कालच्या गाडीचं तिकीट आज चालत नाही, आर्विड."

"मी देशाचा राष्ट्राध्यक्ष आहे, लोरेन."

"अभिनंदन. शनिवारी आठवडा भरतो."

शुक्रवारी आर्विडने जेवणाला हात लावला नाही. "मी हट्ट करतोय का गं?" त्याने विचारले. "एक कप तो. कडेला टवका उडालेला."

"हट्टच आहे," बर्निस म्हणाली. "करा. दिवसभर तुम्हाला 'हो' म्हणणारेच भेटतात इथे. तुम्हाला मूर्ख म्हणणारं एक तरी माणूस नको का?"

त्याच संध्याकाळी प्रेस्कॉट उत्साहात आला. समितीला कळले होते, की समिती नेमण्याआधी राष्ट्राध्यक्ष सलगमाबद्दल रोज स्टेनरूडच्या तज्ज्ञांचा सल्ला घेत. टेलिफोन खात्याने तसा दाखला दिला होता. प्रेस्कॉटने खास विमान पाठवायची तयारी दाखवून स्वतः त्या तज्ज्ञांच्या प्रमुखाला फोन केला होता.

"मग काय म्हणाला ऑर्विल?" बर्निसने विचारले.

"म्हणाले, त्या वेळेला आमची कॉफी असते." प्रेस्कॉटचा चेहरा पडला होता. नोकरीत पहिल्यांदाच त्याला कोणी वेळ नाकारली होती. "दुसरी कुठलीही वेळ चालेल म्हणतात. पण बैठक तर कार्डावर छापलीय."

"कार्डावर छापलेलं कसं हलवणार," बर्निस गंभीरपणे म्हणाली.

"तेच तर."

"मग त्यांना कॉफी पिऊ द्या, आणि फोनवरून बोलू द्या." हे म्हणताना तिने आवाज भिंतीवरच्या घड्याळासारखा सरळ ठेवला. प्रेस्कॉटने डोळे मिटून मनातल्या मनात कार्ड पाहिले. कार्ड हलत नव्हते. तो हो म्हणाला.

शनिवारी दहा वाजता टेबलाच्या मध्यभागी फोनचा भोंगा ठेवला गेला. विद्वानांनी पेन्सिली उचलल्या. भोंग्यातून आधी बशांचा आवाज आला, मग कोणीतरी खोकले.

"सलगमाच्या पिकाबद्दल आपलं मत सांगावं," शेतकी मंत्री म्हणाले.

"सलगम?" ऑर्विल म्हणाला. "आमच्याकडे डुकरंसुद्धा तोंड फिरवतात हो. ते असू दे. आर्विड आहे का तिथे?"

आर्विड पुढे वाकला. "आहे," तो म्हणाला. आवाज जरासा चिरकला.

"लोरेन, आहे गं तो. अडकव परत तो कप."

भोंग्यातून खिळ्यावर कप अडकवल्याचा बारीक टणत्कार ऐकू आला. हा काय आवाज, म्हणून मंत्र्यांनी विचारले. बर्निस म्हणाली, "तज्ज्ञांची संमती." तेवढ्यात फासे खुळखुळले आणि ऑर्विलने जाहीर केले, की राष्ट्राध्यक्ष हरले.

त्यानंतर चार वर्षे समिती रोज भरली. विद्वानांनी दोन-तीन आठवडे सलगमाचा विषय काढून पाहिला, मग सोडून दिला. मंत्री स्वतःचा कप घेऊन यायला लागले. बर्फ किती पडले, कोणाची गाय व्याली, पाद्रीबुवांचे प्रवचन कसे लांबले, हे ऐकताना भलेभले लोक गालावर हात ठेवून आपापल्या गावी जाऊन यायचे. त्यातून एकही निर्णय झाला नाही, त्यामुळे एकही चुकला नाही. बाकीच्या कारभाराबद्दल तसे म्हणता येत नसावे, कारण पुढच्या निवडणुकीत आर्विड टॉलेफसन सपाटून पडला.

नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आर्विड लोरेनच्या कॅफेत आपल्या स्टुलावर बसला होता. बर्निसही होती, तिच्यासाठी लोरेनने नवा खिळा ठोकला होता. टोमणे मारून झाले, पाव संपले. आर्विड खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहत होता. चार वर्षे ज्या जागेसाठी जीव टाकला, तिथे बसल्यावर आता दुसऱ्याच जागेची आठवण येत असावी. माणसाचे असेच आहे.

नऊच्या ठोक्याला फोन वाजला.

लोरेनने उचलला, ऐकले आणि आर्विडपुढे धरला. "वॉशिंग्टन. तज्ज्ञ पाहिजेत म्हणतायत."

"समिती मोडायची राहिली," बर्निस कुजबुजली. "कार्डावर छापलेलं."

आर्विडने फोन कानाला लावला. पलीकडे दक्षिणेकडचा, थकलेला, ओळखीचा आवाज होता. क्लाइड हॅरगेट, ज्याने त्याला पाडले तो.

"टॉलेफसन? माझ्या कार्डावर दहाला सलगम लिहिलंय. याचं करायचं काय असतं, इथे कुणालाच नीट सांगता येत नाही. तुमच्या वेळचा तो प्रेस्कॉट हेल म्हणाला, फक्त फोन लावा."

"समितीवाले आहेत तिथे?"

"अजून नेमायचेत. मी एकटाच आहे."

"मग दार लोटून घ्या. कॉफी आहे का?"

"आहे. गार झालीय."

"तिथली गारच असते. बसा." आर्विडने जरा थांबून विचारले, "तुमच्या गावी सकाळी कोण कोण असायचं हो कॉफीला?"

हॅरगेट हळूहळू बोलू लागला. एका पेट्रोल पंपाबद्दल, पंपामागच्या बाकाबद्दल, मासे पकडण्याच्या थापा मारणाऱ्या दोघा भावांबद्दल. आर्विड ऐकत राहिला. मधेच त्याने फोनवर हात ठेवला.

"लोरेन, एखादा खिळा आहे का?"

"त्या माणसासाठी? ज्यानं तुला धूळ चारली?"

"अगं, पहिलाच दिवस आहे त्याचा."

लोरेनने कपाळाला आठ्या घातल्या, पण गल्ल्याखालून हातोडी काढली. "आठवडाभर आला नाही तर उतरवणार, सांग त्याला."

ऑर्विलने सवयीने फाशांच्या पेल्याकडे हात नेला. आर्विडने तो आधीच उचलला होता.

"याचे फासे मी टाकतो," तो म्हणाला, आणि पेला हलवून काउंटरवर पालथा घातला. मग बऱ्याच दिवसांनी तोंडभर हसत त्याने फोनमध्ये सांगितले, "मिस्टर प्रेसिडेंट, हरलात."