नामदेवमामांचा कान

गाडीची तार ओढताना नामदेवमामांना आजूबाजूला कुणी बोललेलं चालत नसे. ‘खामोश!’ असे ओरडत, की समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचा घोट तोंडात तसाच धरून बसत.

मी शेळ्यांची ने-आण करतो. माझी पिकअप जुनी. तिच्या एक्सिलेटरची तार अधूनमधून ढिली पडते. पायडल निम्मं दाबलं तरी गाडीला पत्ता नसतो. मग झरीला मामांचं गॅरेज गाठायचं. एकदा जिंतूरच्या बाजाराला निघालो होतो, मागं चौदा शेळ्या. मामा म्हणाले, “आधी ह्यांला गप कर.”

“शेळ्या हायत मामा. कशा गप करू?”

“मग उतरव.”

चौदाच्या चौदा उतरवून लांबच्या लिंबाखाली बांधल्या, तेव्हा कुठं मामांनी पाना हातात घेतला.

काम मात्र बघत राहावं असं. नट सैल करायचे, तार ओढायचे आणि चालू इंजिनावर मान तिरपी करून ऐकत बसायचे. “नखभर सैल ठेवावी. लय ताणली की गाडी उभ्या जागी बोंबलती,” म्हणायचे. मीटरबिटर त्यांना मंजूर नव्हतं. “मीटरला कान हायत का?”

मामींना जाऊन दोन वर्षं झाली. मूलबाळ नाही. तरी मामा सकाळी वेळेवर शटर उघडत आणि गिऱ्हाइकावर तसेच खेकसत. आम्हाला वाटायचं, माणूस सावरला.

गेल्या उन्हाळ्यात तार पुन्हा ढिली पडली. मामांनी सगळ्यांना गप केलं, तार ओढली, मान तिरपी केली. इंजिन भणभणायला लागलं.

“अजून दबूनच बोलायलीय,” म्हणत त्यांनी नट आणखी फिरवला.

गाडी उभ्या जागी किंचाळायला लागली. लिंबाखाली बांधलेल्या शेळ्या दावी तोडायला बघू लागल्या. हॉटेलवाला कानांवर हात ठेवून बाहेर आला. मामा आपले शांत.

मी पाठीमागून हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. ते वळले नाहीत. मी इंजिन बंद केलं, तेव्हा त्यांच्या हाताखालची थरथर थांबली म्हणून ते दचकले आणि माझ्या ओठांकडे बघू लागले.

मी कानाशी जाऊन विचारलं, “मामा, कवापासून ऐकू येईना?”

त्यांनी हातातला पाना पुसून बाजूला ठेवला.

“मलाच कुठं ठावं होतं? इथं आलेल्याला मीच गप करतो. अन् घरी कोण बोलायलंय माझ्यासंगं, की कळावं?”

त्या दिवशी नट मी मागं फिरवला. दुसऱ्या दिवशी त्यांना शेजारी बसवून परभणीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मशीन मिळालं. गॅरेज पुन्हा सुरू झालं.

पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी डोकावलो. मामा एकटेच भाकरी खात होते. मशीन कोनाड्यात, डबीत बंद.

मी हातानंच खुणावलं, कानात का नाही?

“घरी काढून ठेवतो,” मामा म्हणाले. “हितं काय ऐकायचंय?”

मी चपला काढल्या, कोनाड्यातली डबी आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि समोर मांडी घालून बसलो. मामांनी हात धुतले, कोरडे केले, मशीन कानात नीट बसवलं.

“हां,” ते म्हणाले. “बोल.”