सरावाचं पुस्तक

तांबोळीकाका तुमच्याकडे पुस्तक मागायला आले, तर हुरळून जाऊ नका. "वाया गेलं तरी वाईट वाटणार नाही, असं काही आहे का?" असं ते दारातच विचारतात.

काका आमच्या समोर राहतात. उभी हयात स्वारगेटला एसटी गाड्या सोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मोबाईलवर बघून झपाट्याने वाचायला शिकू लागले. ओळीखालून बोट पळवायचं, ओठ मिटलेले. "बोट सुटलं की मधे थांबा नाही," म्हणतात. पण सरावाला पुस्तक सुमारच लागतं, चांगल्यात बोट रेंगाळतं. आमच्याच इमारतीतल्या देशपांडेबाईंनी कौतुकाने दिलेलं स्वतःचं आत्मचरित्र त्यांनी संध्याकाळीच परत केलं. "उत्तम. एका चहात संपलं." बाई अजून लिफ्टमध्ये त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहतात.

मला याची गंमत वाटायची. मग एक दिवस काकांनी माझ्या कपाटातून नेमकी माझीच कादंबरी उचलली.

"अहो, ती मी लिहिलीये."

"माहितीये. म्हणूनच नेतोय."

मी गारच पडलो. महिना उलटला तरी पुस्तक परत येईना. रद्दीत घातलं की काय, या संतापात मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं.

आत काका माझी कादंबरी मोठ्याने वाचत होते, अगदी सावकाश. समोर पलंगावर त्यांची बायको, आमच्या भाभी. त्या शाळेत मराठी शिकवायच्या. मधुमेहाने डोळे गेले, तेव्हापासून घरातच असतात. शेवटचं पान चाललं होतं. माझी नायिका दवाखान्यातून बरी होऊन घरी आली आणि तिने चहा टाकला.

मी हादरलो. मी तिला दवाखान्यातच मारली होती.

काका मला बघून बाहेर आले, दार ओढून घेतलं. "मागे एका पुस्तकात आजारी बाई शेवटी गेली," ते हळूच म्हणाले. "ही कित्येक दिवस धड जेवली नाही. आता मी आधी पळत जाऊन शेवट बघून येतो, मग हिला वाचून दाखवतो."

"मग माझंच कशाला वाचलंत?"

"सरावाला नेलं होतं. बोट रेंगाळलं."

तेवढ्यात आतून भाभींचा आवाज आला, "लेखक आलेत का? शेवट फार छान केलात हो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हो भाभी," मी म्हणालो. "दुसरा शेवट सुचलाच नाही."