रेघेच्या पूर्वेला

ताईच्या स्कूटरचा हेडलाइट दशांशच्या हातात होता आणि उरलेली स्कूटर टेम्पोत. टेम्पो दारात थांबला तशी रात्रपाळी करून झोपलेली ताई डोळे चोळत बाहेर आली. ती नर्स होती. त्यामुळे तिने आधी भावाचं डोकं, कोपरं, गुडघे तपासले. काही मोडलेलं नाही याची खात्री झाल्यावरच तिने आवाज चढवला.

"विचारून नेली होतीस?"

"विचारणार होतो. तू झोपली होतीस. पण चूक माझी नाही, ताई. शंभर टक्के त्या पाववाल्याची."

दशांश हे त्याचं घरातलं नाव. विज्ञानाची पदवी घेऊन तो पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागला होता आणि चहात साखर किती विचारलं तरी दशांशचिन्हाच्या पुढे जाऊन उत्तर द्यायचा. असा माणूस जेव्हा शंभर टक्के म्हणतो, तेव्हा घरच्यांना गप्प बसावं लागतं.

संध्याकाळी पाववाला स्वतःहून घरी आला. त्याच्या व्हॅनचा बंपर सुतळीने बांधलेला होता आणि चेहरा त्याहून वाईट होता.

"माझंच चुकलं, ताई. मागचं दार खडखडत होतं म्हणून मी आरशात बघत राहिलो. माझा मेव्हणा गॅरेजवाला आहे. स्कूटर घेऊन जातो आणि नव्यासारखी करून आणतो."

ताई हो म्हणणार, एवढ्यात दशांश मध्ये पडला. "तसं नको, काका."

"का रे?" ताईने विचारलं.

"कारण ही मेहरबानी झाली. दोष कुणाचा ते आधी कोर्टात ठरू दे. मग दुरुस्ती हा आपला हक्क होईल."

"पण मी दोष मान्य करतोय की," पाववाला म्हणाला.

"मान्य करणं वेगळं, काका, आणि सिद्ध होणं वेगळं."

पाववाल्याने ताईकडे पाहिलं. ताईने छताकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती दोन बस बदलून ड्युटीवर जाऊ लागली आणि दशांश कोर्टात.

शहरात कोर्टं दोन होती, पूर्वेचं आणि पश्चिमेचं. पश्चिमेच्या कोर्टातल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"टक्कर कुठे झाली?"

"मोठ्या रस्त्यावर."

"त्या रस्त्याचा मध्य म्हणजे आमची हद्द. मध्याच्या अलीकडे झाली असेल तर दावा इथे, पलीकडे झाली असेल तर पूर्वेला. कुठे झाली?"

"साधारण मध्यावर."

"मध्यावर कुणीच बसत नाही," कारकून म्हणाला आणि अर्ज परत सरकवला.

आपण 'साधारण' असा शब्द वापरला याची दशांशला स्वतःलाच लाज वाटली. तो पूर्वेला गेला. तिथला कारकून म्हणाला, "पश्चिमवाल्यांकडून लिहून आणा की प्रकरण त्यांचं नाही." तो पुन्हा पश्चिमेला आला.

"आमचं नाही असा निर्णय द्यायला ते आधी आमच्यापुढे यायला हवं," पश्चिमेचा कारकून शांतपणे म्हणाला. "आणि आमच्यापुढे यायला ते आधी आमचं असायला हवं."

दुसरा कुणी असता तर टेबलावर हात आपटला असता. दशांशला मात्र तो युक्तिवाद इतका निर्दोष वाटला की त्याने कारकुनाचे आभार मानले. दोष कारकुनाचा नव्हताच. दोष माहितीचा होता. माहिती अपुरी असली की शास्त्रज्ञ काय करतो? मोजतो.

रविवारी सकाळी तो टेप आणि खडू घेऊन मोठ्या रस्त्यावर उतरला. टेपचं दुसरं टोक ताईच्या हातात होतं. ती ड्युटीवरून परस्पर आली होती आणि गणवेशातच होती, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या कुणीतरी गेलं असं समजून हळू होत होत्या.

"अजून किती वेळ?" ताईने जांभई देत विचारलं.

"पायदान घासल्याचा चरा डांबरात सापडलाय. काचेचा चुरा पण आहे. चरा जिथे सुरू होतो तिथे टक्कर. आता फक्त मध्य हवा."

"ती काय, पांढरी रेघ."

"रंगवणाऱ्याचा हात इथे वळलाय. कायद्याने मध्य रस्त्याचा, रंगाचा नाही." त्याने रस्त्याची रुंदी काढली, मध्य काढला, शंकेला जागा नको म्हणून पुन्हा काढला. मग उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "पूर्वेला. चांगली हातभर. आता पूर्वेच्या कोर्टाची सुटका नाही."

"बघ बाबा," ताई म्हणाली. "स्कूटर दुरुस्त झाली म्हणजे मिळवलं."

पूर्वेच्या कोर्टात सुनावणीला न्यायाधीश बाई होत्या. दशांशने चरा, काच, रस्त्याचा मध्य असं सगळं क्रमाने मांडलं. बाईंनी एकदाही मध्ये तोडलं नाही. पाववाला कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

"छान," बाई म्हणाल्या. "टक्कर मध्याच्या पूर्वेला झाली, यात तुम्हाला काही शंका?"

"अजिबात नाही, मॅडम. चुकीला वाव ठेवलेलाच नाही."

"ठीक. म्हणजे अधिकारक्षेत्र आमचं. खरं तर ज्याच्यावर दावा आहे तो जिथे राहतो तिथल्या कोर्टातही दावा चालतो. पाववाले, तुम्ही कुठे राहता?"

"इथंच, कोर्टाच्या मागच्या गल्लीत."

"तेव्हा मोजलं नसतं तरी चाललं असतं." बाई दशांशकडे वळल्या. "पण मोजलंत ते बरं केलंत. आता मला सांगा, तुम्ही कुठे निघाला होता?"

"प्रयोगशाळेत. उत्तरेला."

"आणि हे समोरून, दक्षिणेकडे येत होते. आपण वाहन कुठल्या बाजूने चालवतो?"

"डाव्या," दशांश म्हणाला.

"उत्तरेला जाणाऱ्याची डावी बाजू कोणती?"

उत्तर सोपं होतं. शाळेत नकाशा टांगलेला असायचा तेव्हापासून ते त्याला येत होतं. तरी त्याने हवेत हात फिरवून पाहिला, मग उलटा फिरवून पाहिला.

"पश्चिम," तो म्हणाला.

"मग तुम्ही पूर्वेला काय करत होता?"

"एका हातगाडीला मागे टाकत होतो, मॅडम." हे वाक्य उच्चारेपर्यंत त्याला ते आठवलंही नव्हतं. हद्द कुणाची या नादात, त्या हद्दीत आपण कसे आलो हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता.

दावा फेटाळला गेला. पुरावा इतका चोख होता की बाईंना फारसं बोलावंच लागलं नाही.

बाहेर पाववाल्याने दशांशचा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, तुमचे फार उपकार आहेत. इतके दिवस मी समजत होतो, माझीच चूक. जेवण जात नव्हतं."

"काका," ताईने हळूच विचारलं, "ते तुमच्या मेव्हण्याचं गॅरेज..."

पाववाला अवघडला. "दिलं असतं हो करून, ताई. पण आता कोर्टच म्हणतंय, चूक माझी नाही. मी कोर्टाच्या वर कसा जाऊ?"

तो गेला. बस यायची होती. दशांशने वाकून रस्त्याच्या टोकाकडे एकदा पाहिलं.

"ताई, मी..."

"गप्प. हे प्रकरण आता माझ्याकडे."

हद्दीचा मुद्दा काढावा असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण स्कूटर ताईची, आरोपी तिच्याच घरात राहणारा, आणि गुन्ह्याची सुरुवात झाली ती तिच्या पर्समधून किल्ली काढताना. कुठूनही मोजलं तरी तो तिच्याच हद्दीत येत होता.

"अपील कुठे करायचं?" त्याने विचारलं.

"आईकडे. तिनेच सांगितलंय, याला सोडू नकोस."

"मग शिक्षा?"

"स्कूटर तू दुरुस्त करून आणेपर्यंत रोज मला सायकलवरून ड्युटीवर सोडायचं. डबलसीट."

"वाटेत चढ आहे, ताई."

"माहितीये," ताई म्हणाली. "चढाचा कोन मोजत बसू नकोस. आणि डाव्या बाजूने ने."