सूर्यवंशी सरांचा डोस

आमच्या शेजारच्या सूर्यवंशी सरांच्या कुकरमध्ये भात कधी शिजला नाही. शिट्ट्या मात्र दिवसभर. आत जंतू मारायला ठेवलेल्या काचेच्या बरण्या असायच्या आणि बरण्यांत साखर, क्षार आणि चायनाग्रास घालून केलेली जेली. नव्या माणसाला वाटायचं, सरांकडं जेवणावळ आहे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी मराठी. कमलवहिनी गेल्या आणि त्यांचं स्वयंपाकघर ओस पडलं. सरांनी तिथं प्रयोगशाळा थाटली आणि स्वतःला खानावळीचा डबा लावला. परसात घासलेटच्या डब्यात टोमॅटोचं एक झाड होतं. ते वाळायच्या आत त्याच्या पानाच्या तुकड्यांतून नवी झाडं उभी करायची, हा एकच ध्यास.

"अहो सर, टोमॅटो उकिरड्यावरसुद्धा उगवतो," मी म्हणायचो. "बी टाका की."

"बी नगं," एवढंच उत्तर.

आत जायचं तर हात स्पिरिटनं पुसायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि गप्प राहायचं. "एक शिंक आली की सगळ्याचं वाटोळं." गॅसवाल्यालाही त्यांनी एकदा फडकं बांधायला लावलं. तेव्हापासून तो सिलिंडर फाटकातच ठेवून पळायचा.

जेलीत दोन संप्रेरकं असत. ऑक्झिननं मुळं सुटतात, सायटोकायनिननं शेंडा फुटतो. प्रमाण जमलं तर झाड, नाहीतर नुसता गोळा. हाच हिशेब सरांनी अख्ख्या कोल्हापूरला लावला होता. स्टाफरूममध्ये गरजणाऱ्या उपप्राचार्यांकडं बघून ते माझ्या कानाशी लागत, "शेंड्याचा डोस जास्त झालाय. मुळंच न्हाईत." माझं निदान तर तोंडावरच केलं. "तुमाला नुसती मुळं सुटल्यात. खुर्चीतनं हलत न्हाई तुमी."

एका सकाळी त्यांनी मला आत नेलं आणि एक बरणी उजेडात धरली. पानाचा नखाएवढा तुकडा फुगून कणकेसारखा गोळा झाला होता आणि त्या गोळ्यातून एक हिरवा कोंब वर आला होता. त्याला इवलीशी पानं. माझ्या अंगावर काटा आला. पान म्हणजे झाडावरनं गळून जाणारी वस्तू, एवढंच मला माहीत. इथं त्या पानाच्या कपट्याला अख्खं झाड ठाऊक होतं. मी गप्प राहायचं विसरून "वा" म्हणालो आणि बोलणी खाल्ली.

मग घोटाळा केला आमच्या हिनं. सरांची किल्ली आमच्याकडंच असायची. ते कॉलेजात असताना ही त्यांचा डबा ठेवायला गेली आणि बंद बरण्यांतली कोवळी रोपं बघून हिचा जीव कळवळला. गुदमरत असतील बिचारी, म्हणून झाकणं काढली, वारा लागू दिला, वर चमचाचमचा पाणीही घातलं. आठवडाभरात बरण्यांत काळी बुरशी माजली. कोपऱ्यात मागं राहिलेली एकच बरणी हिच्या नजरेतून सुटली होती. परसातलं झाड तोवर वाळून गेलं होतं, तेव्हा पुन्हा पान आणायचं तरी कुठून?

ही रडायला लागली. सर बराच वेळ बरण्या घासत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मायेचाबी डोस असतोय."

उरलेल्या रोपाला मुळं सुटली तेव्हा सरांनी ते मातीत लावलं. बरणीतल्या जिवाला बाहेरची हवा सोसत नाही, म्हणून वर प्लास्टिकची पिशवी घातली आणि रोज तिला एकेक भोक पाडत गेले. सर सुट्टी टाकून त्याच्यापाशी बसून असायचे. रोप जगलं. मग एका सकाळी ते त्याच घासलेटच्या डब्यात लावून जुन्या जागी ठेवलं आणि आम्हा दोघांना बोलावलं.

मला राहवलं नाही. "सर, एवढा खटाटोप केलात. आधीच बी धरलं असतं तर?"

"बी टाकलं तर झाडाचं पोर येतंय," सर डबा सरळ करत म्हणाले. "गुणाचं निघंल की, पर ते येगळं. ह्ये तेच झाड हाय. कमलनं लावलेलं. दवाखान्यात जायच्या सकाळी ह्येला पाणी घातलं आन म्हणाली, मी येईस्तवर एवढं बघा."

ते सगळं सर मातीकडं बघत बोलले. मग आत जाऊन तांब्या भरून आणला आणि आमच्या हिच्या हातात दिला.

"घाला वहिनी. आता डोस जास्त झाला तरी चालतोय."