दहा कामं, शंभर पानं

एका जंगलात, मुलांनो, हत्ती एकच होता आणि बाकी सगळे त्याला काम सांगणारे होते.

ओंडका उचलायचा, हाक मारा गजाभाऊंना. पाणी उपसायचं, गजाभाऊंना. एक दिवस चाळीस हाका एकदम आल्या. गजाभाऊ सोंडेत ओंडका धरून तासभर जागच्या जागी उभे राहिले. ओंडका कुणाचा, तेच त्यांना आठवेना.

सिंहमहाराजांनी हुकूम काढला. "एका वेळी दहाच कामं! आणि प्रत्येक गोष्टीची नोंद झाली पाहिजे."

नोंदीला खारूताई बसल्या. बाई भलत्याच चोख. 'गजाभाऊंनी उजवा पाय उचलला' हे एक पान. 'ठेवला' हे दुसरं. आठवड्यात पळसाच्या पानांचा असा ढीग झाला, की गजाभाऊंचा अर्धा दिवस पानं हटवण्यातच जाऊ लागला. त्याचीही नोंद होत होतीच.

मग दुसरा हुकूम निघाला. शंभरच पानं ठेवायची, जुनी भेकराने खायची. भेकर कामाला फार तत्पर होतं.

अशात सायाळबाईंच्या बिळावर झाड पडलं. तीन पिल्लं आत अडकली. बाई धावत आल्या.

"दहा कामं चालू आहेत," खारूताई म्हणाल्या. "अर्जाचं पान ठेवून जा."

त्या दहांतली सहा महाराजांचीच होती. एक पाठ खाजवण्याचं, एक कानाने वारा घालण्याचं, बाकीची मी सांगत नाही.

सायाळबाई दुपारी परत आल्या. तोवर त्यांचा अर्ज भेकराच्या पोटात गेला होता.

"तुमची नोंदच नाही, बाई. म्हणजे झाड पडलेलं नाही."

"अहो, पिल्लं ओरडतायत माझी! ऐकू येत नाही का?"

"येतं ना. पण नोंद कुठाय?"

गजाभाऊ शेजारीच वारा घालत होते. "ताई, मला दिसतंय झाड," ते हळूच म्हणाले. "पण पानाशिवाय मला पाऊल टाकता येत नाही हो."

सायाळबाईंनी पाठ फिरवली. काटे फुलवले. आणि उलट्या पावलांनी थेट गजाभाऊंच्या मांडीवर चाल केली.

गजाभाऊ असे उधळले, की झाड बाजूला फेकलं गेलं. तिन्ही पिल्लं शिंकत बाहेर आली. आईने त्यांना चाटून चाटून ओलं केलं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

खारूताईंनी लगेच लिहिलं : 'अकरावं काम, विनापरवाना.'

संध्याकाळी दरबार भरला. महाराज गरजले, "आणा तो पुरावा!"

भेकराने नम्रपणे ढेकर दिली.

गजाभाऊ आणि सायाळबाई दोघंही निर्दोष सुटले. अर्जाचं एकही पान उरलं नव्हतं, म्हणून जंगलात एकही काम शिल्लक नाही, असंही त्याच दरबारात जाहीर झालं. टाळ्या सगळ्यात जास्त खारूताईंनी वाजवल्या.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी रांगेत शांतपणे उभं राहावं. त्याशिवाय टोचणाऱ्यांना पुढे जायला वाट कशी मिळणार?