सहभागी निरीक्षक

बटणांच्या कारखान्याच्या दारात सकाळी नऊला एक चष्मेवाली मुलगी आली आणि तिनं मुकादमांच्या हातात पत्र ठेवलं. पत्र कुठल्याशा व्यवस्थापन महाविद्यालयाचं होतं. 'पत्रवाहक आज दिवसभर आपल्या कारखान्यात सहभागी निरीक्षक म्हणून थांबतील. कामगारांमधील परस्परसंबंध जाणून घेणे हा हेतू आहे.' खाली समाजशास्त्राचं काहीतरी लिहिलं होतं, पण तिथवर मुकादम पोचलेच नाहीत. 'निरीक्षक' वाचूनच ते घाबरले होते.

भिण्यासारखं कारणही होतं. गेल्याच आठवड्यात मालक बटणं निवडायचं यंत्र बघून आले होते. "कुणीतरी जाणकार येऊन टेबल बघून जाऊ दे, मग ठरवू," असं ते फोनवर म्हणाले, ते मुकादमांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. यंत्र आलं की निवडायचं टेबल जाणार. टेबलावर चौघी बसायच्या: एक सासू, तिच्या दोन सुना आणि मुकादमांची धाकटी बहीण. बहिणीला त्यांनीच शब्द टाकून चिकटवलं होतं.

मुलीला खुर्ची देऊन मुकादम धावत आत गेले.

"यंत्रवाल्यांची बाई आलीये! कुणाचे कुणाशी संबंध आहेत ते लिहून नेणार आहे!"

"आमचे कसले संबंध?" सासूबाई भडकल्या. "तोंड सांभाळून बोला!"

"नात्याचे हो! एका टेबलावर सगळं गणगोत बसवलंय असं कळलं तर पहिला माझा बळी जाईल. आज कुणी कुणाचं नाही. आणि गप्पा बंद. तोंडातून शब्द काढायचा नाही."

"म्हणजे सासूबाई आज माझ्या कुणी नाहीत?" धाकट्या सुनेनं विचारलं.

"कुणी नाहीत."

"दिवसभर?" तिचा चेहरा एकदम खुलला.

दुपारपर्यंत टेबलावर चिडीचूप. चौघी मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या. सासूबाईंना पाणी हवं होतं, तर त्यांना "अहो बाई, जरा तांब्या" म्हणावं लागलं, आणि धाकटीनं "आपण कोण?" अशा नजरेनं बघत तो सरकवला. बहिणीच्या तोंडून एकदा "दादा" निघालं. मुकादमांनी लगेच "दादा आज रजेवर आहेत" असं ठोकून दिलं आणि स्वतःच घामाघूम झाले.

कोपऱ्यातली मुलगी आधी नुसती बघत होती. मग तिनं चष्मा पुसला, टेबलाभोवती एक चक्कर मारली, आणि त्यानंतर जी लिहीत सुटली ती थांबेचना. तिचं पान उलटलं की मुकादम दचकायचे. एका पानाला एक बाई, असा त्यांनी मनाशी हिशेब धरला होता. पाचवं पान उलटलं तेव्हा ते पोत्यांच्या आड सरकले, कारण पाचवे ते स्वतःच होते.

चार वाजता मालक आले. पाचला माल घेऊन टेम्पो निघायचा होता. त्यांनी सवयीनं एका पोत्यात हात घातला आणि मूठभर बटणं तळहातावर पसरली.

"मुकादम, हे दोन भोकांचं पोतं ना?"

"हो साहेब."

"मग यात चार भोकांची कशी?"

मुकादमांनी टेबलाकडे पाहिलं. बटणं पाडायच्या साच्यावरून माल बदलून आला की सासूबाई दरवेळी गप्पांच्या ओघातच ओरडायच्या, "चार आली गं!" मग चौघी पोती बदलायच्या. आज माल तीनदा बदलला होता. सासूबाईंना ते दिसलं होतं, पण शब्द काढायची बंदी होती.

"अगं भवाने, बघत काय बसलीस! ओत ते पोतं!" सासूबाईंचा बांध फुटला.

"आत्याबाई, मला काय बोलताय, जाऊबाईंना सांगा की!" धाकटी करवादली.

"दादा, तू मध्ये नको उभा राहू, उजेड अडतोय!" बहीण ओरडली.

सगळी नाती एका दमात चव्हाट्यावर आली. मुकादमांनी डोळेच मिटून घेतले. आता नोकरी गेलीच, बहिणीचीही आणि आपलीही. डोळे उघडले तर निरीक्षकबाई बाह्या सरसावून टेबलावर बसल्या होत्या आणि "आत्याबाई, ही कुठे टाकू?" म्हणून विचारत होत्या. आरडाओरडा, टोमणे, शेजारणीची उणीदुणी, सगळं चालू होतं आणि हात त्याहून जोरात चालत होते. पाचला दहा कमी असताना पोती शिवून झाली.

मालकांनी मुलीची वही उचलली. पाचही पानांवर ओळीमागून ओळ एकच मजकूर होता: 'अजून कुणीही बोललेलं नाही. मी नापास होणार.'

"हिच्या कॉलेजातून फोन आला होता, सांगायचं राहिलंच," मालक म्हणाले. "मुली, तू शिकतेस काय?"

"धंद्याचं शिक्षण, सर. पण समाजशास्त्राचा पेपर राहिलाय. शेवटची संधी आहे, नाहीतर वर्ष जाईल." ती रडकुंडीला आली होती. "मला वाटायचं, धंदेवाल्यांना कशाला हवा हा विषय? यंत्र घ्या, माणसं कमी करा, झालं. पण सर, या गप्प होत्या तेव्हा माल चुकला. बोलायला लागल्या आणि तासाभरात सुधारला. मला नीट सांगता येत नाही, पण तुमचं यंत्र 'चार आली गं' म्हणेल का?"

मालकांनी शिवलेल्या पोत्यांवरून हात फिरवला. मग त्यांनी यंत्रवाल्यांना फोन करून नको म्हणून कळवलं. मुकादमांचा जीव भांड्यात पडला. बहिणीनं पदरानं डोळे टिपले.

"मात्र एक," मालक म्हणाले. "हे गप्पांचं प्रकरण मला बारकाईनं बघायचंय. मुकादम, उद्यापासून या काय बोलतात, किती बोलतात, सगळं रोज लिहून ठेवायचं. तुम्ही आमचे निरीक्षक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम नवी कोरी वही घेऊन टेबलापाशी गेले. तिथे हसणं चालू होतं. त्यांनी खुर्ची ओढली, पेनाचं टोपण काढलं, आणि टेबलावर चिडीचूप झालं.

"बोला की," मुकादम म्हणाले.

त्यांच्या सख्ख्या बहिणीनं मानही वर न करता विचारलं, "काही हवं होतं का, साहेब?"